पेपर संपले, पण नाताळाला घरी जायची भीती वाटतेय

तुझं पत्र शनिवारी रात्री आलं. हे सदर बुधवारी येतं, पण या वेळचा बुधवार म्हणजे 24 तारीख, तेव्हा उत्तर वाचून तू काय करणार, म्हणून रविवारी सकाळीच लिहायला बसलेय आणि आजच लावा म्हणून सांगितलंय.

बाकीच्या वाचकांसाठी पत्र थोडक्यात सांगते. ही मुलगी नंदुरबार जिल्ह्यात विसरवाडीजवळच्या एका गावातली, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाचवं सेम. सबमिशन, ओरल, मिनी प्रोजेक्ट आणि मग पेपर, असा दीड महिना चार-पाच तास झोपून काढला, आणि 17 तारखेला शेवटचा पेपर झाला तो बेकार गेला. ती लिहिते, "ताई, तीन प्रश्न तर मी नुसते भरून आलेय, केटी लागणार हे मला माहितीये. रूममेट सगळ्या घरी गेल्या, मेस बंद झालीये, मी तीन दिवस बिस्किटं आणि मॅगीवर रूमवर पडून आहे. आईचा रोज फोन, कधी निघतेस, करंज्यांना तुझ्याशिवाय हात लावणार नाही म्हणते. 24 ला सुरतचे काका, आत्या, मामा मिळून अठरा जण येणार. दरवर्षी कॅरोलमध्ये ढोलकी माझ्याकडे असते. मला काहीच नकोय. मला फक्त झोपायचंय. पेपरचं घरी सांगितलं नाहीये, पप्पांनी फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलंय. मी 26 ला गेले तर चालेल का? प्रोजेक्टचं काम आहे असं सांगू का?"

नाही. प्रोजेक्टचं काम आहे असं सांगू नकोस आणि 26 ला जाऊ नकोस. उद्याच निघ.

आता का ते सांगते, जरा लांबण लागेल पण वाच.

पहिली गोष्ट, तू आळशी झालेली नाहीयेस आणि घरच्यांवरचं तुझं प्रेमही आटलेलं नाहीये. पत्रात तू तीनदा लिहिलंयस की मला घरी जावंसं वाटत नाही म्हणजे मी किती वाईट आहे. अगं परीक्षा चालू असते तोवर शरीर ताणावर पळत राहतं, ना भूक कळते ना पाठ दुखलेली कळते, आणि शेवटचा पेपर देऊन बाहेर आलं की सगळं एकदम अंगावर येतं, कितीतरी पोरांना नेमका सुट्टी लागली की ताप येतो, सर्दी होते, घसा बसतो, ते बहुतेक याच्यामुळे. तुझ्या वयाला रात्रीची सात ते नऊ तास झोप लागते आणि तू दीड महिना त्याच्या निम्मी घेतलीस. आता तुला माणसं नको वाटतायत, आवाज नको वाटतोय, तो थकवा बोलतोय. त्या थकव्याच्या तोंडून निघालेलं सगळं खरं मानू नकोस.

पण तो थकवा बंद रूमवर एकटीने मॅगी खाऊन उतरणार नाहीये. तीन दिवस झोपूनही तुला बरं वाटत नाहीये हे तूच लिहिलंस. बरं कसं वाटेल, झोपून उठलीस की समोर तोच पेपर, आणि बोलायला कोणी नाही, फक्त फोनमधला ग्रुप आणि त्यात कोणाचं उत्तर काय आलं याची जुळवाजुळव चाललेली. तो ग्रुप आधी म्यूट कर. आत्ता, हे वाचता वाचता कर. दिलेल्या पेपरातला एक मार्कही त्या ग्रुपमुळे वाढणार नाहीये.

आता घरच्यांचं. तुला वाटतंय त्यांना कळणार नाही, रोज सकाळी उठून शेतात जाणाऱ्या माणसांना खुर्चीत बसून अभ्यास केल्याचा थकवा काय सांगायचा. मला वाटतं इथे तू त्यांना कमी लेखतेयस. थकवा काय असतो हे आपल्या भागातल्या माणसाला कोणी शिकवायला नको, दिवाळीच्या पुढेमागे भात कापला, झोडला, आता तूर यायला लागली, तुझ्या आईची कमर अजून धरलेली असेल. त्यांना "मला स्ट्रेस आलाय" म्हटलं तर खरंच कळत नाही, तो शब्दच त्यांचा नाही. पण "आई, दीड महिना मी रात्री दोनला झोपले आणि सहाला उठले, डोळे जळतात, डोकं चालत नाही, मला आल्यावर दोन दिवस झोपू दे" असं तासांत आणि अंगाच्या भाषेत सांगितलंस तर तुझी आई स्वतः दारात उभी राहून बाकीच्यांना गप्प करेल. कधी करून बघितलंस का असं? पत्रावरून वाटतं की तू फोनवर दीड महिना "हो आई, ठीक आहे आई" एवढंच म्हणत आलीस. मग तिला कसं कळणार, ती आपली करंज्यांचं सारण मनात मोजत बसलीये.

म्हणून उद्याच निघ म्हणतेय. 24 ला पोहोचलीस तर सरळ गर्दीत पडशील, बॅग ठेवायला जागा नाही, आल्या आल्या आंघोळ आणि चर्च, आणि मग तू ज्याला घाबरतेयस ते सगळं खरं होईल. सोमवारी सकाळची एसटी धर. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नको, एक तर या आठवड्यात त्यांची भाडी चढलेली असतात आणि त्यात अजून एक रात्र झोपेविना जाईल. एसटीत आपल्याला बायकांना तसंही अर्धंच तिकीट लागतं. नाशिक, मालेगाव करत धुळ्यापर्यंत ये, धुळ्याला उतरून काहीतरी गरम खा, रिकाम्या पोटी पुढे जाऊ नकोस, मग साक्रीवरून विसरवाडी. दिवस जाईल प्रवासात, जाऊ दे. खिडकीशी बसून काहीच न करता जाणारा दिवस तुला किती महिन्यांत मिळालेला नाहीये. अंधार पडल्यावर पोहोचशील, जेव आणि झोप. मंगळवार आख्खा तुझा. मग बुधवारी अठरा माणसं आली तरी तू निदान दोन रात्री झोपलेली असशील. फक्त एक, पहिल्या रात्री हवं तेवढं झोप पण मंगळवारपासून दुपारी तीनपर्यंत लोळत राहू नकोस, सकाळी उन्हात ओट्यावर जाऊन बस, नाहीतर रात्र आणि दिवस उलटे होतात आणि मग नाताळच्या रात्री दोन वाजता टक्क जागी राहशील.

पुस्तकं आणू नकोस. मी पोरांना सहसा असं सांगत नाही, पण तू या वेळी नकोच आणू.

आता पेपरचं, मला खरं बोलायचंय ते याच्यावर.

मी पण तुझ्यासारखीच, साक्रीकडची. वडील शिक्षक, घरात आम्ही तिघी बहिणी, मी मोठी. बारावीनंतर मला नाशिकला बीएस्सीला घातलं. दुसऱ्या वर्षी माझा फिजिक्सचा पेपर असाच गेला. मी कोणाला सांगितलं नाही. 24 ला संध्याकाळी घरी पोहोचले, मुद्दाम उशिरा, की कोणाला विचारायला वेळच मिळू नये, आणि सगळ्यांना पेपर छान गेले म्हणून सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी नाताळची उपासना. तुला माहितीये आपल्याकडे कसं असतं, उपकारस्तुतीची वेळ झाली की एकेक जण उठतो, वर्षभराचं काय ते सांगतो, कोणाचं ऑपरेशन नीट झालं, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, आणि पाकीट ठेवतो. माझे वडील कधी उठून बोलणारे नव्हते. त्या दिवशी ते उठले. म्हणाले माझी मुलगी बाहेरगावी शिकतेय, देवाच्या कृपेने तिचे पेपर चांगले गेले, त्याबद्दल मी 51 रुपये अर्पण करतो. सगळी मंडळी माझ्याकडे बघतेय, मागच्या बाकावरच्या एका मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तिथे बसलेय. मला उठता आलं नाही, काही बोलता आलं नाही. त्यानंतर दुपारी मी एका चुलत आत्यावर, तिने काही वावगं म्हटलेलं नसताना, सगळ्यांसमोर ओरडले आणि आत जाऊन पडले. सगळ्यांना वाटलं शहरात राहून पोरगी बदलली.

निकाल लागला तेव्हा वडील नापास झाल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. खूप दिवसांनी एवढंच म्हणाले, "मी उभा राहायच्या आधी सांगायचं होतंस." ते वाक्य मी अजून विसरले नाहीये. नंतर त्या पेपरला मी पास झाले, पुढे शिकले, नोकरी केली, सगळं झालं, वडील आता नाहीत. पण 25 डिसेंबरला उपकारस्तुतीची वेळ आली की मला अजूनही ते सफेद शर्टात उभे दिसतात.

तू लिहिलंयस की तुझे पप्पा चर्चच्या मंडळीत पंच आहेत. मग ते उभे राहतीलच. त्यांच्या आधी त्यांना सांग.

आईला नको, म्हणजे आधी आईला नको, कारण आई स्वयंपाकघरात असणार आणि स्वयंपाकघरात काकू, मामी, आत्या सगळ्या असणार, तिथे सांगितलेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं. फोनवरही नको, फोनवर फक्त थकल्याचं सांग. पेपरचं मंगळवारी, पाहुणे यायच्या आधी, पप्पा शेताकडे निघतील तेव्हा त्यांच्या बरोबर चाल. शेतात चालता चालता बोलणं सोपं जातं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आणि रडत रडत माफी मागत सांगू नकोस, दोन-तीन वाक्यांत सांग: पप्पा, चार पेपर बरे गेलेत, एक वाईट गेलाय, त्या विषयात मी राहू शकते, राहिले तर पुढच्या परीक्षेला परत देईन, वर्ष जाणार नाही. बस. मग गप्प राहा आणि त्यांना वेळ दे. कदाचित ते काहीच बोलणार नाहीत, आपल्याकडचे बाप अशा वेळी तुरीच्या शेंगा चाचपत बसतात. तो राग आहे असं धरून चालू नकोस.

आणि सांगताना तुला स्वतःला माहिती हवं म्हणून हे पण लिहिते. निकाल अजून लागलेला नाहीये. कायद्याने विद्यापीठाला परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लावायचा असतो, महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यातच आहे ते, म्हणजे तुझा जानेवारीत कधीतरी येईल. वाईट गेलेला पेपर काठावर निघाल्याचं मी कितीतरी वेळा बघितलंय, उलटंही बघितलंय. नाही निघाला तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, ती एखाद्या सरांना दाखवून मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, फक्त त्याची मुदत थोडी असते म्हणून निकाल लागला की कॉलेजात लगेच चौकशी कर. आणि एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय बरोबर घेऊन पुढे जायची सोय, असते ती याच्यासाठीच असते. एका विषयाने इंजिनिअरिंग थांबत नाही, तुझ्या सीनियरना विचार, अर्ध्याहून जास्त जणांना कुठेतरी लागलेली निघेल. कर्जाचं ओझं तुझ्या डोक्यावर आहे ते मला समजतं, पण एका पेपरची फी भरणं आणि तीन वर्षांचं शिक्षण बुडणं यात फार अंतर आहे, आणि पप्पांना हे अंतर तूच समजावून सांगू शकतेस, दुसरं कोणी नाही.

पाहुण्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस. विचारतील, नक्की विचारतील, अहिराणीत "कव्हय उनी वं पोर, पेपर कसा गयात?" आणि घरातल्या मावची बोलीत वेगळं विचारतील आणि सुरतचे काका गुजरातीत, तिन्ही भाषांत एकच प्रश्न. नवापूरचं स्टेशन जसं अर्धं गुजरातेत अर्धं महाराष्ट्रात तशीच आपली नातीगोती, अर्धी इकडे अर्धी तिकडे, सगळ्यांना वर्षातून एकदाच भेटायचं असतं आणि बोलायला विषय नसला की पोरांचे पेपर हा विषय असतो. त्यांना उत्तर नको असतं गं, त्यांना तुझ्याशी बोलायचं असतं. "झाले पेपर, निकाल जानेवारीत, तुमची तब्येत कशी आहे आत्या?" एवढं म्हण. हे खोटं नाहीये. ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगितलंस की बाकीच्यांना पूर्ण हिशोब देणं लागत नाही. आणि तो मोठा चुलतभाऊ, जो तुला दरवर्षी पर्सेंटेज विचारतो म्हणून लिहिलंयस, त्याला पप्पा बघून घेतील, पप्पांना माहिती असलं म्हणजे.

करंज्या. यावर मी बराच विचार केला. लूक शुभवर्तमानातली मार्था आणि मरिया तुला आठवत असेल, एक राबतेय आणि दुसरी पायाशी बसलीये, आणि दरवर्षी कोणीतरी काकू कामाला हात न लावणाऱ्या पोरीला ते ऐकवतेच. मला लहानपणापासून मार्थाबद्दल वाईट वाटत आलंय, कारण अठरा माणसांचं जेवण कोणीतरी करायलाच लागतं. तेव्हा तू अजिबात काही करू नकोस असं मी म्हणणार नाही. पण काम निवडून घे. बसून करायचं काम घे. करंज्या भरणं, कडा दुमडणं, शंकरपाळे कापणं, याला डोकं लागत नाही, फक्त हात लागतात, आणि दीड महिना फक्त डोक्याने जगलेल्या माणसाला हातांचं काम औषधासारखं असतं, हे मी अनुभवाने सांगते. चुलीपुढे तळायला उभी राहू नकोस, पाणी भरणं, भांडी, वाढणं हे या वेळी धाकट्या भावाला करू दे, दहावीत आहे ना, हात आहेत त्याला. आईला आधीच सांग, मी दोन तास बसेन, मग उठेन. आणि दोन तास झाले की खरंच ऊठ.

कॅरोलला एक रात्र जा. सगळ्या रात्री नाही. घरोघरी फिरून, प्रत्येक घरी चहा पिऊन, रात्री बारा-एकला परत, डिसेंबरची थंडी, घसा बसलेला, याला तुझं शरीर आत्ता तयार नाही. ढोलकी कोणाला तरी दे, तुमच्या गटात एखादी नववी-दहावीतली पोरगी असेलच जी दोन वर्षं तुझ्या शेजारी उभी राहून तुझे हात बघतेय. तिला दे आणि तू मागे राहून नुसती गा. जमलं तर 24 ची रात्र निवड, आपल्या पाड्यावरची घरं, लांब जायला नको.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे विचारतेय. पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस "कधी कधी वाटतं काहीच नको." मी ते थकव्याचं वाक्य म्हणून वाचलं, पण मी तुला बघू शकत नाहीये, म्हणून सांगते. घरी जाऊन नीट झोप झाली, जेवण झालं, तरी आठ-दहा दिवसांनी तसंच वाटत राहिलं, किंवा आत्ता आज रात्री मन फारच खाली गेलं, जगूच नये असं काही मनात आलं, तर थांबू नकोस, 14416 ला फोन लाव. टेली-मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री कधीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणि आज रात्री एकटी राहायचंच नाही असं वाटलं तर हॉस्टेलच्या रेक्टरना सांग किंवा पुण्यात आपल्या भागातली जी कोणी मैत्रीण असेल तिच्याकडे जा, सकाळी तिथूनच एसटी पकड. आणि हे पप्पांना सांग, पेपरच्याही आधी सांग.

बाकी काय. सहावं सेम, टाइमटेबल, परत कधी निघायचं, हे एक तारखेनंतर बघ. 31 ची रात्रीची उपासना करून, नवीन वर्षाचं जेवण जेवून मग निघ, कॉलेज दोन दिवस उशिरा गेलं तर काही होत नाही.

आता उठ, आधी अंघोळ कर, बाहेर जाऊन डाळभात का होईना नीट जेव. मग आईला फोन लाव आणि झोपेचं सांग. मग फोन पप्पांकडे द्यायला सांग आणि त्यांना एवढंच विचार की उद्या संध्याकाळी विसरवाडीला गाडी घेऊन येतील का. येतील. येताना शाल आणायला सांग, कोंडाईबारीचा घाट उतरला की एकदम गार लागतं.